गायकाची दुभाषी

१२ जानेवारी

पहिल्याच दिवशी खोटं बोलले!

डायरेक्टर हेलन मॉनिटरसमोरून न उठताच म्हणाली, ‘‘टेल हिम ही इज वुडन. कम्प्लीटली वुडन.’’ म्हणजे अगदी लाकडाचा ठोकळा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या कोरियन नटानेही. इतका मेकअप फासलेला, तरी कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या. मी कोरियनमध्ये म्हटलं, ‘‘त्या म्हणतायत, तुम्ही झाडासारखे स्थिर उभे राहता, ते छान आहे. आता थोडं वारं लागू द्या.’’

वारं! कुठून सुचलं देव जाणे. तो वाकून ‘‘थँक यू’’ म्हणाला. हेलनला वाटलं, बाईने काम चोख केलं.

मेडनहेडजवळच्या स्टुडिओत एका क्राइम सिरीजचं शूटिंग आहे. यू ग्योंगमिन — कोरियाचा पॉप सिंगर, पाच मुलांच्या ग्रुपमधला. गेल्या वर्षी ग्रुप सुटला, आता हा अ‍ॅक्टिंगमध्ये आलाय. पहिलंच काम आणि तेही इंग्लंडात. भूमिका एका कोरियन विद्यार्थिनीच्या भावाची. बहीण इथे बेपत्ता होते, हा तिला शोधायला येतो. त्याचा दुभाषी आयत्या वेळी आजारी पडला म्हणून कुणीतरी मला शोधून काढलं. चाकणच्या कारखान्यात कोरियन साहेब आणि आपले इंजिनिअर यांच्या मध्ये उभं राहण्यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. ब्रॅकनेलला आल्यापासून ती भाषा कुणाशी बोललेच नव्हते. वाटलं होतं जिभेला गंज चढला असेल. नाही चढला.

घरी कुणाला सांगायचं नाही, असं सही करून दिलंय. माझ्या लेकीला, सियालाही नाही. आणि सियाच्या पलंगाच्या वर भिंतीवर कोण आहे? तोच!

१४ जानेवारी

संक्रांत. डब्यात तिळाच्या वड्या नेल्या. त्याला दिली आणि सांगितलं, आमच्याकडे आज असं म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. त्याने वडी चघळत विचारलं, ‘‘तुमच्याकडे हा सण रोज असतो का?’’

मी हसले. गाडीत बसल्यावर वाटलं — असं का म्हणाला असेल?

घरी नेहमीचंच.

शेखर — ‘‘सिया, आईला विचार, बॉयलरवाला कधी येणार आहे.’’
मी ओट्यापाशी, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. ‘‘सिया, बाबांना सांग, गुरुवारी.’’
सिया फोनमधून मान वर न काढता — ‘‘थर्सडे.’’

चौदा वर्षांची पोर. या घरातली दुभाषी तीच. आणि ती कधी गोड करून सांगत नाही. जे आहे ते, कमीत कमी शब्दांत.

वडी शेखरच्या ताटलीत ठेवली. खाल्ली त्याने. काही बोलला नाही. गोड नाही की कडू नाही.

१७ जानेवारी

सियाने भिंतीवरचं त्याचं पोस्टर काढलं. ‘‘तो आता अ‍ॅक्टिंग करतो, आई. सो क्रिंज. बाकीचे चार जण कमीत कमी गातात तरी.’’ गुंडाळी करून कपाटामागे टाकलंय. फाडलं नाही.

२१ जानेवारी

आज पाऊस, सगळं आउटडोअर रद्द. तो आणि मी त्याच्या ट्रेलरमध्ये बसून होतो. त्याचा मॅनेजर छ्वे सोलच्या ऑफिसशी फोनवर बोलायला बाहेर गेला आणि पहिल्यांदाच ग्योंगमिन कामाव्यतिरिक्त काहीतरी बोलला. मला ‘नूना’ म्हणाला. मुलगा आपल्या मोठ्या बहिणीला म्हणतो तसं. ताई. कारखान्यात मला सगळे ‘दुभाषीबाई’ म्हणायचे. कुणी नूना म्हटलं नव्हतं.

बुसानचा. आईवडील मासळी विकतात. बाराव्या वर्षी गाण्याच्या कंपनीने उचलला, तेव्हापासून आरशासमोर. कसं हसायचं, कितव्या तालावर मान वळवायची, डोळ्यांत पाणी कोणत्या ओळीला आणायचं.

‘‘मला गाता येत होतं असं नाही, नूना. मला कुठे उभं राहायचं ते येत होतं.’’

मी विचारलं, मग अ‍ॅक्टिंग कशाला?

तो खिडकीवरचे थेंब बघत होता. मग म्हणाला, सक्तीची लष्करसेवा संपवून परत आलो तर माझ्या जागेवर चौघांचा नाच बसवून झाला होता. छान बसवला होता. भोक कुठेच दिसत नव्हतं. मग कंपनीने विचारलं, अ‍ॅक्टिंग करशील? दुसरं काही विचारलंच नाही त्यांनी.

मीही अशीच आहे इथे. मी नसले तर कुणाच्या नाचात भोक पडणार आहे?

२७ जानेवारी

भयंकर दिवस.

पोलीस स्टेशनचा सीन. त्याला एवढंच म्हणायचं — ‘‘शी कॉल्स मी एव्हरी संडे.’’ झालं नाही. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी त्याच शब्दावर तीच मान, तोच श्वास. गाण्याच्या व्हिडिओत असतो तसा. लाइटवाला पोरगा हसू दाबत होता. इन्स्पेक्टरचं काम करणारा नट — चांगला माणूस आहे खरं तर — शेवटी टेबलावर डोकं टेकून राहिला.

हेलन म्हणाली, ‘‘त्याला विचार, त्याने आयुष्यात कुणाची वाट पाहिली आहे का? खरीखुरी? का नेहमी लोकांनीच याची पाहिली?’’

मी त्याला म्हटलं, ‘‘त्या म्हणतायत, कुणाची तरी वाट पाहिली होती तो दिवस आठवा.’’

तो मला म्हणाला, ‘‘तुमचा चेहरा वेगळं सांगतोय.’’

मी म्हटलं, ‘‘माझा चेहरा असाच आहे.’’

३१ जानेवारी

संपलं, आता काही लपून राहणार नाही!

मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवर शूट केलं तेव्हा कुणीतरी लांबून फोनवर घेतलं. तो बहिणीचा फोटो लोकांना दाखवत फिरतोय आणि प्रत्येकासमोर अगदी सारखा वाकतोय. त्यावर कुणी मजेशीर संगीत टाकलंय. जगभर फिरतोय तो व्हिडिओ. सिया जेवताना हसत हसत माझ्यासमोर धरते — ‘‘बघ ना, आई, हा रोबोट आहे!’’ आणि मग तिचं हसू थांबलं. तिने बोटांनी चित्र मोठं केलं.

‘‘आई, हा तुझा कोट आहे.’’

कोपऱ्यात मी. हातात त्याचा थर्मास. मोहरीच्या रंगाचा कोट, दुसऱ्या कुणाकडे असणार?

शेखरने चमचा खाली ठेवला. पण विचारलं नाही. विचारायचं तर सियाला सांगावं लागणार, आणि सिया तर माझ्याकडेच बघत होती.

‘‘तू मला सांगितली का नाही?’’ इथे आल्यापासून तिचं मराठी असंच मोडकं.

‘‘सही केली होती गं, बाळा.’’

‘‘तुम्ही दोघं मला कधीच काही सांगत नाही! मी फक्त तुमचे मेसेजेस पास करते!’’

खोलीत गेली. थोड्या वेळाने दार किलकिलं करून एवढंच विचारलं, ‘‘तो हे व्हिडिओ बघते का?’’

मी म्हटलं, माहीत नाही. तेही खोटं. दिवसभर तेच बघतो.

२ फेब्रुवारी

सिया कुणाला बोललेली नाही. शाळेत मैत्रिणी त्या व्हिडिओवर हसत होत्या, ती हसली नाही म्हणे. तेवढं तिने येऊन सांगितलं.

५ फेब्रुवारी

माझ्या बाबांना जाऊन आज दोन वर्षं.

देवापुढे दिवा लावला. शेखर दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या सावलीवरून कळलं. मी वळले नाही. गेला.

कधी लिहिलं नाही, आज लिहिते. दादाने चिंचवडहून फोन केला तेव्हा मी अंघोळीला होते. शेखरने घेतला. दादाने सांगितलं, ताबडतोब निघा, डॉक्टरांनी हात टेकलेत. मी बाहेर आले तर शेखर म्हणाला, ‘‘स्टेबल आहेत. काळजीचं कारण नाही. शनिवारचं तिकीट काढतो.’’ मला चहा करून दिला. बिस्किटंसुद्धा बशीत काढून ठेवली. बाबा गुरुवारी गेले.

नंतर म्हणाला, तुझे हाल बघवले नसते गं. एवढ्या लांब विमानात एकटी रडत बसली असतीस.

बसले असते! माझं रडणं होतं ते. माझे वडील होते.

त्या दिवसापासून सरळ बोलणं बंद. कुणी ठरवलं नाही. भांडलोसुद्धा नाही. भांडणारी माणसं तरी बरी, एकमेकांकडे तोंड करून उभी असतात.

१० फेब्रुवारी

काहीतरी शिजतंय. प्रोड्यूसर लोक लंडनहून आले होते. मॅनेजर छ्वे बाहेर सिगरेटवर सिगरेट. ग्योंगमिन एकटाच सेटवर, शवागाराच्या. बहिणीची ओळख पटवण्याचा सीन आहे पुढे. स्ट्रेचरजवळ उभं राहून नुसताच बघत होता. स्ट्रेचरवर अजून कुणी नाही. पांढरी चादर, घडी न मोडलेली.

मी हाक मारली नाही.

१२ फेब्रुवारी

हेलनने मला कॅन्टीनच्या मागे गाठलं. थकलेली दिसत होती. दुष्ट बाई नाही ती. म्हणाली, त्याचं पात्र शेवटपर्यंत होतं, आता शवागारातच संपवतोय. वरून आलंय. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, आता लोक त्याला बघून हसणारच. मग माझ्या दंडावर हात ठेवला — ‘‘यू टेल हिम. तुला छान जमतं. यू हॅव सच अ काइंड वे.’’

काइंड वे!

ट्रेलरमध्ये गेले. मॅनेजर छ्वे नव्हता. त्याला आधीच माहीत असणार, म्हणून नव्हता. ग्योंगमिन नूडल्स खात होता. मी सुरुवात केली — ‘‘कथेची दिशा थोडी बदलते आहे. तुमच्या पात्राचा प्रभाव लवकर आणि जास्त तीव्र व्हावा म्हणून...’’

त्याने काड्या खाली ठेवल्या.

‘‘नूना, पहिल्या दिवशी त्या ‘वुडन’ म्हणाल्या होत्या. मी हॉटेलवर जाऊन बघितलं. झाडाचा काही संबंध नव्हता.’’

‘‘बोलता येत नाही मला नीट, पण ऐकलेला शब्द लक्षात राहतो. लहानपणापासून तेच केलंय. न समजणाऱ्या भाषांतली गाणी पाठ केलीत. रोज तुमचे शब्द आणि त्यांचे शब्द शेजारी ठेवून बघायचो.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’ तोंडातून ‘तू’ निघून गेलं.

‘‘तुम्ही खोटं बोलताना माझ्यापेक्षा जास्त दुःखी दिसायचात. म्हटलं, यांना याची गरज असेल.’’

तो म्हणाला, ‘‘आई पण असंच करते. फोनवर म्हणते, सगळे तुझं कौतुक करतात इथे. मॅनेजर म्हणतो, कंपनीच्या शेअरचा भाव वर आहे. मी अभिनय शिकणार कुठून, नूना? मला कधी कुणी एक खरी गोष्ट सांगितलीच नाही. दुःख आलं की कुणीतरी आधीच दाराशी जाऊन त्याला परत पाठवतं.’’

मग म्हणाला, ‘‘आता सांगा. त्या म्हणाल्या तसं. एकही शब्द न बदलता.’’

सांगितलं. सगळं. शवागारात संपणार. वरून आलंय. लोक हसतील. मागचंही सांगितलं. कुणाची वाट पाहिली आहेस का, ते. लाइटवाल्याचं हसणंसुद्धा. बोलताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

तो रडला नाही. नूडल्स गार होईपर्यंत बसला होता. मग उठला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून माझ्यासमोर वाकला. खूप खाली. व्हिडिओतल्यासारखं नव्हतं ते वाकणं.

स्टुडिओच्या गाडीतळावर बराच वेळ चावी हातात घेऊन बसून होते. स्टेबल आहेत. काळजीचं कारण नाही. शनिवारचं तिकीट काढतो. मी काय वेगळं करत होते? आणि मला वाटायचं, मी चांगली बाई आहे.

१३ फेब्रुवारी

शवागाराचा सीन झाला.

कसं लिहू? तो आत आला. चादर बाजूला केली. स्क्रिप्टमध्ये होतं, तो कोसळतो. कोसळला नाही. तिच्या चेहऱ्यावरची केसांची बट सरळ केली. बाजारात मासळीचा वास घेऊन बघावा तसा जरा वाकला आणि कोरियनमध्ये म्हणाला, ‘‘तू तर म्हणाली होतीस, सगळं छान चाललंय.’’

हे वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं!

पुढे काही नाही. नुसता उभा. खांदे, हात, मान, काही ‘लावलेलं’ नव्हतं. पहिल्यांदाच त्याला कुठे उभं राहायचं ते माहीत नव्हतं. साउंडवाल्याने हेडफोन काढून छातीशी धरला. स्ट्रेचरवरची मुलगी — मेलेल्या बहिणीचं काम करणारी, लंडनची कॉलेजची पोर — तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. सीन वाया जायला हवा होता. हेलनने कट म्हटलंच नाही.

मग हळूच मला विचारलं, ‘‘काय म्हणाला तो?’’

मी सांगितलं. जसंच्या तसं.

हेलनने चष्मा काढला. म्हणाली, ‘‘महिन्यापूर्वी कुठे होता हा माणूस?’’

मला सांगता आलं असतं. माझ्या मागे होता. मीच समोर उभी होते.

निर्णय बदलला नाही. पुढच्या भागांची पानं दुसऱ्यांच्या नावावर लिहून झाली होती.

१६ फेब्रुवारी

हीथ्रोला सोडायला गेले. सियाला सोबत नेलं. त्याला विचारूनच. वाटभर एक अक्षर बोलली नाही. त्याच्यासमोर उभी राहिली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, ‘‘मीपण हसले होते. त्या व्हिडिओवर. सॉरी.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही भाषांतर केलं नाही. लागलंच नाही.

तो सावकाश इंग्लिशमध्ये म्हणाला, ‘‘थँक यू. फॉर ट्रू.’’

मॅनेजर छ्वे त्याच्यापासून चार पावलं लांब चालत होता, ओळख नसल्यासारखा. आत जाताना ग्योंगमिनने मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं. माझा चेहरा त्याने वाचला असता.

२४ फेब्रुवारी

सगळं पुन्हा होतं तसं. ओटा. बॉयलर. आभाळ भांड्याच्या बुडासारखं. सकाळी उठवत नाही. एक दिवस तर कोट घातला आणि कुठे जायचं ते आठवेना. कुठेच जायचं नव्हतं.

३ मार्च

त्याच्या कंपनीचं पत्रक आलंय. सियाने वाचून दाखवलं, ‘‘प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती, परस्पर संमतीने करार समाप्त.’’ गोड शब्द. मी वाक्यावाक्याला मनात खरं भाषांतर करत होते — काढून टाकलं, काढून टाकलं, काढून टाकलं.

९ मार्च

हेलनचा ईमेल. माझ्यासाठी मुद्दाम लिहिलंय, मला कळावं म्हणून. एडिटमध्ये शवागाराचा सीन इन्स्पेक्टरच्या बाजूने ठेवलाय. काचेबाहेरून. ग्योंगमिनची फक्त पाठ दिसते. आवाज येत नाही. ‘‘मी खूप भांडले,’’ म्हणते.

म्हणजे जगाला ठाऊक राहणार तो रोबोट. आणि त्या एका दुपारी जे घडलं ते आम्हा मूठभर लोकांबरोबर संपणार.

त्याला कळवायचं का? संध्याकाळभर फोन हातात. ‘सीन सुंदर झालाय’ असं लिहिलं. पुसलं. मग जसं होतं तसं लिहिलं — पाठ दिसते, आवाज नाही.

पाठवलं. आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.

१० मार्च

त्याचं उत्तर.

‘‘नूना, कळवलंत, बरं केलंत. घरीच आहे, बुसानला. सकाळी वडिलांबरोबर बाजारात उभा राहतो. लोक फोटो काढतात, मासे घेत नाहीत. काल एका छोट्या नाटकाच्या ऑडिशनला गेलो होतो. घेतलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, तुमच्यात अजून फार थोडं खरं आहे. ‘थोडं’ म्हणाले, ‘नाही’ म्हणाले नाहीत. पुन्हा जाणार आहे.’’

खूप वेळ वाचत बसले. सियाला दाखवलं. तिने विचारलं, ‘‘हे चांगली न्यूज आहे की वाईट?’’

मी म्हटलं, खरी आहे.

१४ मार्च

सिया मैत्रिणीकडे गेली होती. शेखर समोर बसून टोस्टला बटर लावत होता. मी म्हटलं, ‘‘शेखर.’’ दोन वर्षांनी त्याचं नाव घेतलं. सुरी थांबली. मी काही गोड न करता विचारलं, ‘‘तुला या घरातून जायचंय का?’’

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. म्हणाला, ‘‘हो. तू विचारशील म्हणून थांबलो होतो.’’